नाव नीट लिही, चेहरे झाक

प्रिय मैत्रिणी,

या पत्रात तुझं नाव नाही, तुझं गाव नाही, पुण्यात तू काय शिकत होतीस तेही नाही. ही सवय तूच लावलीस. तू देवनागरी सावकाश वाचतेस, म्हणून वाक्यं छोटी ठेवायचा प्रयत्न करते. पत्र उघड लिहितेय, कारण आभार एकट्या तुझ्या कानात सांगून भागणार नाही. २०२२ मध्ये इराणवर मी मराठीत जे लिहिलं, त्याबद्दल अनेकांनी मला शाबासकी दिली. त्यांना कळायला हवं की त्यातलं अर्ध्याहून जास्त काम तुझं होतं.

कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत आपण तीन वर्षं काढली. भाताची खरवड तू मुद्दाम कुरकुरीत करायचीस, पातेलं ताटात उलटं करायचीस आणि कौतुकाने 'तहदीग' म्हणायचीस. त्याच ओट्याशी उभी राहून तू मला फारसी वाचायला शिकवलंस. शब्द ओळखीचेच निघायचे. सरकार, शहर, जमीन, कागद, आवाज. एकदा तू गश्त-ए-इर्शादबद्दल सांगत होतीस, रस्त्यात बायकांचे कपडे तपासणाऱ्या पोलीस पथकाबद्दल. मी म्हटलं, अगं, गश्त म्हणजे आमची गस्तच की! तू जरा वेळ गप्प राहिलीस. मग म्हणालीस, "तुमची गस्त चोर पकडायला असते ना?"

२०१२ च्या नोव्हेंबरातली ती संध्याकाळही तिथलीच. सत्तार बेहेश्ती नावाचा इराणमधला एक साधा कामगार. ब्लॉगवर सरकारविरुद्ध लिहायचा, म्हणून सायबर पोलिसांनी त्याला उचललं आणि काही दिवसांतच तो कोठडीत मेला. अटकेच्या थोडंच आधी त्याने लिहून ठेवलं होतं की, तोंड बंद ठेवलं नाहीस तर तुझ्या आईला लवकरच काळे कपडे घालावे लागतील अशी धमकी आपल्याला मिळाली आहे. तू ते फारसीत वाचून दाखवलंस आणि मराठीत सांगताना 'आई' या शब्दाशी थांबलीस. तू इराणला परत गेल्यावर मला जेव्हा जेव्हा काही कळवलंस, ते हे सगळं माहीत असताना कळवलंस. मी इथे पंख्याखाली बसून विचारत होते आणि तू तिथून सांगत होतीस. हा फरक मी एक दिवसही विसरलेली नाही.

नोव्हेंबर २०१९. तुमच्याकडे पेट्रोल रातोरात महागलं, लोक रस्त्यावर उतरले, आणि १६ तारखेपासून जवळजवळ आठवडाभर अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद. तुला पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी फोन बघायची, एकच टिक. मग एका रात्री तुझा एक शब्द आला, 'हस्तम'. आहे मी. नंतर तू समजावून सांगितलंस की त्या दिवसांत तुमच्याकडे बँका चालू होत्या, टॅक्सीचं अॅप चालू होतं, कारण देशाच्या आतलं जाळं वेगळं उभं केलेलं आहे. बंद झाली होती ती फक्त बाहेरची वाट. तोवर मला वाटायचं, इंटरनेट बंद म्हणजे सगळं ठप्प. व्यवहार सुरळीत ठेवून फक्त माणसांची हाक अडवता येते, हे मला तेव्हा कळलं. त्या आठवड्यातल्या ३०० हून जास्त मृत्यूंची नोंद अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने पुढे केली. जग बघत नसताना झालेले मृत्यू.

तेव्हाच तू विचारलं होतंस, "काश्मीरमध्येही बंद आहे ना?" होतं. ऑगस्ट २०१९ पासून. वेगवान मोबाइल इंटरनेट तिथे परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मी त्यावर तोवर एक ओळही लिहिली नव्हती. तू टोचून बोलली नाहीस, नुसतं विचारलंस. त्या प्रश्नासाठीही आभार.

आता २०२२. महसा अमिनी, वय २२. तेहरानमध्ये १३ सप्टेंबरला त्याच गस्तीने तिला पकडलं आणि १६ ला कसरा हॉस्पिटलमध्ये तिचा मृत्यू झाला. मी न्यूज एजन्सीच्या बातमीवरून घाईघाईत मजकूर केला आणि तुला पाठवला. तुझी सहा मिनिटांची व्हॉइस नोट आली. खालून कुकरसारखा कसलासा आवाज येत होता, आणि तू माझी वही तपासावी तशी एकेक चूक सांगत होतीस. ती कुर्द होती, हे का नाही लिहिलंस? कागदोपत्री महसा, पण घरची तिला जिना म्हणायची, ते लिही. गावाचं नाव साकेझ नाही, सक्केझ. आणि हॉस्पिटलात एकमेकांना बिलगलेल्या तिच्या घरच्यांचा तो फोटो कुणी काढला, ते कुठे आहे?

खरंच, कुठेच नव्हतं. तो फोटो 'शर्घ' दैनिकाच्या निलूफर हमेदीने जगासमोर आणला. 'हम्मिहन'ची इलाहे मोहम्मदी सक्केझला जाऊन अंत्यविधीची बातमी घेऊन आली. दोघींनाही त्याच महिन्यात अटक झाली. तू म्हणालीस, "बातमी सगळे वापरतात. ती आणणारीचं नाव गाळलं की तिला आत ठेवणाऱ्यांचं काम सोपं होतं." तेव्हापासून मी नाव गाळलेलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये निलूफरला १३ आणि इलाहेला १२ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा आमच्या पानावर दोघींची नावं शीर्षकात होती. त्यासाठी मी डेस्कवर भांडले.

जिनाच्या थडग्यावर कुर्दीत कोरलंय ते तूच मला लावून दिलंस. जिना जान, तू मरणार नाहीस, तुझं नाव 'रम्ज' होईल. मी 'प्रतीक' असं भाषांतर केलं. तू म्हणालीस ठीक आहे, पण लक्षात ठेव, फारसीत आम्ही पासवर्डलाही रम्जच म्हणतो. दार उघडणारा शब्द. मराठीत दोन्ही अर्थ पेलणारा शब्द मला अजून सापडलेला नाही. खूण जवळ येतो, तेवढंच.

आणि ती ऑक्टोबरमधली रात्र. शाळेतल्या मुलींनी डोक्यावरचे रुमाल काढून घोषणा दिल्याचा व्हिडिओ मी भारावून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. तुमच्याकडे रात्रीचे दीड, माझ्याकडे साडेतीन. तुझा फोन. "आधी काढ, मग बोलू." त्यात एका मुलीचा चेहरा स्पष्ट दिसत होता. पोलीस असलेच व्हिडिओ थांबवून थांबवून बघतात. मी काढला, पण दोघांनी तोवर पुढे पाठवला होता. पहाटे दोघांनाही उठवून तो काढायला लावला. त्यानंतर तू मला नीट शिकवलंस. चेहरा झाकून पुरत नाही. दप्तरावरचं शाळेचं नाव बघ, खिडकीतून मिनार दिसतो का बघ, आवाज ओळखू येतो का बघ. घोषणा 'ज़न, ज़ेंदेगी, आज़ादी' ची होती. ज़न म्हणजे बाई. बाकीचे जिंदगी आणि आझादी तर आमचेच शब्द, म्हणून मी वाहवत गेले होते. त्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्या दिवसापासून माझ्या कॉम्प्युटरवर एक कागद चिकटवलेला आहे: नाव नीट लिही, चेहरे झाक.

तोवर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपही बंद झालं होतं. फेसबुक, ट्विटर, यूट्यूब २००९ पासूनच बंद, टेलिग्राम २०१८ पासून. अडवलेल्या साइट उघडून देणाऱ्या व्हीपीएन अॅपला तुम्ही फिल्टरशेकन म्हणता, फिल्टर फोडणारं. एक बंद पडलं की दुसरं, म्हणून फोनवर तीन-चार ठेवायची. मी विचारलं, पैसे पाठवू का? तू म्हणालीस, "पैसे नकोत. लॅपटॉप चालू ठेव." आणि ब्राउझरमध्ये स्नोफ्लेक बसवायला लावलंस, ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या टॉर या जाळ्याचं छोटंसं साधन. आपला ब्राउझर तेवढ्यापुरता कुणाची तरी पाऊलवाट होतो, अडवणाऱ्याला तो व्हिडिओ कॉलसारखा दिसतो, आणि त्यावरून कोण गेलं, काय वाचलं ते आपल्याला दिसत नाही. दिसतो फक्त आकडा. पहिल्या रात्री आकडा ४ झाला. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. "कोण गं ही चौघं?" इराणमधली की आणखी कुठली, तेही कळत नाही, असं सांगितलं. आई म्हणाली, "असू दे. चार्जर लावून ठेव." तो अजून लावलेलाच असतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये निलूफर आणि इलाहेला माफी मिळाल्याची बातमी आली. जामिनावर त्या वर्षभर आधीच बाहेर आल्या होत्या, पण डोक्यावरची टांगती तलवार गेली. मला ते एजन्सीच्या आधी तुझ्याकडून कळलं. तू देवनागरीत टाइप करून पाठवलं होतंस, 'निलूफर हमेदी. इलाहे मोहम्मदी.' आणखी काही नाही. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर.

मी उत्तरात तुझं नाव टाइप केलं, आणि पाठवण्याआधी खोडलं.

तुझी,
कोथरूडची