बडोद्याला जाऊ, पण सावकाश

चि. अभय यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

बडोद्याच्या तीन दिवसांचा तू पाठवलेला कार्यक्रम काल दोनदा वाचला. पहिल्या दिवशी गावातली पाच ठिकाणं, दुसऱ्या दिवशी चांपानेर-पावागड, तिसऱ्या दिवशी सरदारांचा पुतळा आणि रात्री परतीची गाडी. किती मनापासून जमवलंयस ते दिसतं. १९६१ मध्ये नानांची, माझ्या वडिलांची, बदली झाली आणि आम्ही बडोदं सोडलं, ते मला पुन्हा दाखवायचं तुझ्या मनात आलं, याचंच मला अप्रूप वाटलं. पण हा कार्यक्रम मला झेपणार नाही, आणि ते मी आत्ताच सांगते.

तुझ्या आजीला आम्ही १९९८ च्या डिसेंबरात दिल्लीला नेलं होतं. तू बारावीत होतास, मामाकडे राहिलास. धुक्यामुळे गाडी सात तास उशिरा पोचली, तरी आम्ही यादीतलं एकही ठिकाण गाळलं नाही. लाल किल्ला, राजघाट, बिर्ला मंदिर. आजी कशालाच नको म्हणाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कुतुबमिनाराच्या आवारात त्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? तेव्हा कळलं की दोन दिवस त्या सकाळच्या चहानंतर पाण्याला शिवल्याच नव्हत्या. "दर तासाला तुम्हाला संडास शोधायला कशी लावू?" म्हणाल्या. वर, "माझ्यामुळे तुमची सहल बिघडली," म्हणून रडल्या. मला आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो. तीन दिवस मी त्यांच्या शेजारी चालत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही. थंडीत तहान फारशी लागत नाही, लघवीला मात्र सारखं जावं लागतं, हे आता त्यांच्या वयाला आल्यावर मला कळतंय.

म्हणून मी तुझ्याकडे स्पष्ट मागते. मुक्काम स्टेशनजवळ सयाजीगंजात घे, लिफ्ट असलेला, कमोड असलेला. गाडीत मला खालचा बर्थ हवा. सकाळी दहाच्या आत बाहेर पडायचं नाही; तिथे जानेवारीत पहाटेचा गारठा चांगलाच असतो, ऊन वर आलं की मात्र हवा फार सुखाची. जेवणानंतर दोन तास मी आडवी होणार. सकाळी एक ठिकाण आणि जमलं तर संध्याकाळी जवळचं एक, एवढंच. पावागडला रोपवे आहे हे खरं, पण तो उतरल्यावरही देवीपर्यंत पायऱ्या आहेतच. पावागड आणि पुतळा, दोन्ही काढून टाक. आणि १४ जानेवारीच्या आसपास नको. उत्तरायणात रस्त्यांवरून मांजा लोंबत असतो, माझी तर रिक्षातसुद्धा बसायची तयारी नाही. महिन्याचा शेवटचा आठवडा धर. सोमवारी लक्ष्मीविलास राजवाडा बंद असतो, तेवढं बघ.

आणखी एक. "आई, दमलीस का?" असं विचारू नकोस. तू विचारलंस की मी नाहीच म्हणणार. आजीही तेच म्हणायच्या. त्यापेक्षा बाक दिसला की तूच बस. मी आपोआप बसेन.

आता मला काय बघायचंय ते सांगते. एक अख्खी सकाळ कमाटीबागेत. कागदोपत्री ती सयाजीबाग, पण आमच्या घरी ते नाव कुणी घेत नसे. तिथल्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा. त्या सांगाड्याखाली उभं राहून मी नानांचा हात घट्ट धरायचे. याच बागेत १९१७ साली डॉ. आंबेडकरांनी पाच तास काढले होते. संस्थानच्या नोकरीत असूनही जातीमुळे राहत्या जागेतून त्यांना हाकललं, गावात कुणी थारा दिला नाही, आणि मुंबईची गाडी रात्री नऊला होती. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. ज्या सयाजीरावांनी त्यांना शिकायला अमेरिकेला पाठवलं, त्यांच्याच राजधानीत हे घडलं. मी तिथे दहा वर्षं खेळले, पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आता तिथे त्याची आठवण म्हणून संकल्पभूमी आहे. तिथे मला तुझ्याबरोबर जायचंय आणि घाई न करता बसायचंय.

मग मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. पुस्तकांच्या मजल्यांना तिथे काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालपर्यंत यावा म्हणून. नाना मला दर आठवड्याला न्यायचे. १९०६ मध्ये सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळेच नानांच्या आईला, माझ्या आजीला, अक्षर आलं. तिच्या हातची पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. लायब्ररीत आत सोडलं नाही तर बाहेरून बघेन.

कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, ती तुझ्यासाठी. तुला चित्रांची आवड आहे. राजवाड्यात आत किती चढावं लागतं ते तिथे गेल्यावर ठरवू. आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत, तेवढी बघितली तरी माझं मन भरेल. सेवउसळ खायची आहे, कमी तिखट. उंधियूही त्याच दिवसांत मिळेल, पण रात्री नको, दुपारीच.

तुझ्या कार्यक्रमातलं बरंच मी खोडलं, वाईट वाटून घेऊ नकोस. तिकिटं काढण्याआधी फोन कर. औषधांची चिठ्ठी आणि गुडघ्याचा पट्टा मी आजच काढून ठेवलाय. नानांचा कमाटीबागेतला फोटोही बरोबर घेते. मागे झाड आहे, कसलं ते फोटोत ओळखू येत नाही. तिथे गेल्यावर दोघं मिळून शोधू.

तुझी,
आई