सिंधुदुर्ग म्हणजे फक्त तारकर्ली-देवबाग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कुडाळला पर्यटकांची गाडी चालवतो. सिंधुदुर्ग दोन दिवसांत कसा पाहावा, हे सांगणारा लेख आपल्या पुरवणीत आला. तेव्हापासून लोक तो मोबाइलवर उघडूनच स्टेशनबाहेर माझ्या गाडीत बसतात. पहिल्या दिवशी किल्ला आणि स्कूबा, दुसऱ्या दिवशी देवबागची होडी, दुपारी सुरमई थाळी, संध्याकाळी परतीची रेल्वे. लेखात चुकीचं काही नाही. पण आठ तालुके आणि सुमारे 120 किलोमीटर किनारा असलेल्या जिल्ह्यातली एवढीशी पट्टी त्यात आली, बाकी सगळी गावं सुटली. 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तो अख्खा सिंधुदुर्ग. म्हणून हे पत्र.

आधी देवबागबद्दल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, असं हे गाव आहे. रस्ता एकच. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना या दिवसांत समोरून बस आली की कुणाच्या तरी गडग्याला (कुंपणाच्या दगडी भिंतीला) गाडी चिकटवून उभं राहावं लागतं. पावसाळ्यात समुद्र माडांच्या मुळाशी येतो, उन्हाळ्यात विहिरींचं पाणी मचूळ होतं. तिथल्या माणसांचं पोट पर्यटनावर आहे, तेव्हा तिथे जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. पण जिल्ह्यात येणारा प्रत्येक जण याच पट्टीवर उतरला तर गाव किती सोसणार? आणि येणाऱ्याच्या वाट्याला तरी काय येतं? गर्दी, रांग आणि घाई. सकाळी उत्साहात निघालेली माणसं संध्याकाळी गाडीत गप्प बसलेली मी बघतो, तेव्हा वाईट वाटतं. एवढ्या लांबून आली आणि जिल्हा न बघताच चालली.

आमच्या किनाऱ्याची एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. दर काही मैलांवर खाडी आडवी येते. देवबागच्या टोकावर उभं राहिलं की समोर भोगवे दिसतं. होडीने ते अगदी जवळ, पण गाडीने मोठा वळसा घालून पूल गाठावा लागतो. नकाशावर बोट ठेवून “विजयदुर्ग ते रेडी एका दिवसात करू” म्हणणारे भेटतात. होतं ना, पण मग फक्त रस्ताच बघून होतो. माझं सांगणं असतं की चार दिवस काढा आणि मुक्कामाची जागा एकदा तरी बदला. दोन रात्री वेंगुर्ल्याच्या बाजूला, दोन रात्री मालवण किंवा देवगडच्या बाजूला.

कुडाळला उतरणाऱ्याने सुरुवात पिंगुळीपासून करावी. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे आजही जिवंत आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. त्यांनी गुरांच्या गोठ्यात उभारलेलं संग्रहालय बघायला तासभर पुरतो. पण बाहुल्यांचा खेळ होणार असेल तर घड्याळाकडे बघू नये.

तिथून नेरूरमार्गे वालावल. या गावाबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, लागूनच तळं आणि भोवती माड-पोफळीची दाट सावली. पुढे कर्लीचं रुंद पात्र. मराठी सिनेमांत हे देऊळ आणि तळं लोकांनी पाहिलेलं असतं, पण ते वालावल हे माहीत नसतं. मी तिथे गाडी उभी करतो आणि सांगतो, फोटो काढून झाले की अर्धा तास नुसते बसा. बहुतेक जण बसतात आणि मग उठायला तयार नसतात. मुंबईहून आलेल्या एका आजींनी त्या पायऱ्यांवर बसून मला सांगितलं होतं, लग्न होऊन मुंबईला गेल्यापासून एवढी शांतता कानावर पडलेली नाही. पुरवणीतल्या लेखात वालावलसाठी एक ओळही नव्हती.

पुढे पाटचं तळं, हिवाळ्यात पक्ष्यांनी भरलेलं. मग परुळ्याचं आदिनारायण, सूर्याचं देऊळ. आणि मग निवती. तांबड्या कड्यावरचा पडका किल्ला, खाली मच्छीमारांचं बंदर आणि एका बाजूला भोगव्यापर्यंत पसरलेली वाळू. हवा स्वच्छ असेल तर समुद्रात दूर वेंगुर्ला रॉक्सवरचं दीपगृह दिसतं. त्या खडकांच्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. किल्ल्यावर कठडे नाहीत, मुलांचा हात सोडू नये. संध्याकाळी होड्या परत येण्याच्या वेळी बंदरावर असलात तर मासळीचा लिलाव बघायला मिळेल. तिथे लोक कामात असतात, मधे मधे करू नये एवढंच.

वेंगुर्ल्यात लोक जेवायला थांबतात आणि गोव्याला निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. हे जुनं बंदराचं शहर आहे. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार बांधली. तिच्या भिंती आज पडक्या अवस्थेत उभ्या आहेत, भोवती झाडी वाढली आहे. बंदरावरून संध्याकाळी चालत टेकडीवरच्या दीपगृहाकडे जावं. सकाळी बाजारात फिरावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर ओल्या काजूगरांची उसळ खाल्ल्याशिवाय निघू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र इथे आहे. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती इथल्याच, त्या आता देशभर लावल्या जातात. शेतीची आवड असलेल्या माणसाला मी आवर्जून हे सांगतो, कारण अशी माणसं पुष्कळ येतात आणि त्यांना कुणी सांगत नाही.

वेंगुर्ल्याहून दक्षिणेला मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी. मोचेमाडच्या चढावर गाडी थांबवली की खाली खाडी आणि समुद्र एकत्र दिसतात. आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला अर्पण करतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी इथली श्रद्धा आहे. त्या चपलांकडे बघून हसणाऱ्यांना मी गाडीतच आधी सांगून ठेवतो की हे आमचं दैवत आहे. शिरोड्याच्या मिठागरांवर 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, त्यात माणसांनी लाठ्या खाल्ल्या. शाळेतल्या मुलांना घेऊन येणाऱ्यांनी ही जागा टाळू नये. रेडीला यशवंतगड आणि 1976 साली खाणीच्या परिसरात सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती. थोडं पुढे तेरेखोलचा किल्ला, तो मात्र नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात मोडतो.

सावंतवाडी किनाऱ्यावर नाही, पण एक दुपार तिला द्यावी. मोती तलाव, चितारआळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यात हाताने रंगवले जाणारे गंजिफाचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी 12 असे 120 पत्ते असतात.

आता मालवण. सिंधुदुर्ग किल्ला बघायचाच. कुरटे बेटावर 1664 साली महाराजांनी त्याचं काम सुरू केलं. शिवराजेश्वराचं मंदिर, समुद्राच्या मधोमध गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, आणि आजही आत राहणारी कुटुंबं. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात हा आणि विजयदुर्ग असे आमचे दोन आहेत. सकाळच्या पहिल्या होडीने जावं, ऊन चढायच्या आत तटावरून फिरून व्हावं. पावसाळ्यात होड्या बंद असतात. जूनमध्ये येऊन जेटीवर वाद घालणारे लोक दरवर्षी दिसतात. पुरवणीत ही एक ओळ असती तर त्यांची फेरी वाचली असती.

कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणला येताना धामापूरचं तळं लागतं. 1530 साली गावकऱ्यांनी बांधलेलं हे तळं आजही शेतीला पाणी देतं आणि सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून त्याला मान मिळाला आहे. काठावर भगवतीचं देऊळ. मालवणला पोचायची घाई असल्यामुळे निम्मे लोक गाडीतूनच बघतात.

मालवणच्या उत्तरेला तोंडवळीचं सुरूचं बन आणि आचऱ्याचं रामेश्वराचं देऊळ. आचऱ्याची गावपळण आता पुष्कळांना ऐकून माहीत आहे. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळं गाव गुरं-ढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. ते बघायला यावं, रानातल्या झोपड्यांत गावकऱ्यांना भेटावं, लोक प्रेमाने चहा देतात. पण रिकामं गाव कसं दिसतं हे बघायला आत शिरू नये. कातळशिल्पांची, म्हणजे जमिनीच्या खडकावर कोरलेल्या जुन्या चित्रांची आवड असेल तर कुडोपीला जावं. तिथल्या सड्यावरची (खडकाळ माळावरची) चित्रं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. वाट दाखवायला गावातला माणूस घ्यावा आणि चित्रांवर पाय ठेवू नये.

वायंगणी नावाची गावं दोन आहेत, हेही छापायला हवं. एक मालवण तालुक्यात, तिथेही गावपळण होते. दुसरं वेंगुर्ल्याजवळ, तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. मोबाइलवर नुसतं वायंगणी टाकून लोक भलतीकडे पोचतात. कासवांच्या मोसमात रात्री किनाऱ्यावर दिवे आणि गाणी लावू नयेत, हे दोन ओळींत सांगता येईल.

देवगडच्या बाजूचं थोडक्यात लिहितो, कारण तिथले चालक माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मिठबावची गजबादेवी, कुणकेश्वर, देवगडचं दीपगृह, गिऱ्याचं रामेश्वर आणि शेवटी विजयदुर्ग. कुणकेश्वरला ओहोटीच्या वेळी जावं, म्हणजे खडकात कोरलेल्या पिंडी उघड्या पडलेल्या दिसतात. भरतीला गेलात तर देऊळ दिसेल, पिंडी पाण्याखाली असतील. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या बागांत काम चाललेलं असतं. विचारलं तर बागायतदार हौसेने दाखवतो, न विचारता फांदीला हात लावला तर रागावतो, आणि ते बरोबरच आहे.

कधी यावं, हेही लेखात नव्हतं. माझ्या मते कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दोन-तीन महिने. गावोगावी जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार चालतो. पेट्रोमॅक्स जाऊन ट्यूबलाइट आल्या, पण पखवाज, झांज आणि पेटी तीच आहे. सहज विचारलं तर लॉजवाला किंवा चहावाला आज कुठल्या गावात नाटक आहे ते सांगतो. रात्री दहाला जाऊन पहाटे दहीकाल्याचा प्रसाद घेऊन परतलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी स्कूबाची आठवणसुद्धा काढत नाहीत, हे मी बघितलं आहे. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख मात्र पंचांगात शोधू नये. ती देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग जाहीर होते.

संपादक महाशय, माझ्या विनंत्या मोठ्या नाहीत. पुढच्या पर्यटन पुरवणीत दोन दिवसांच्या यादीऐवजी तालुक्यागणिक एकेक लेख द्या आणि तो त्या तालुक्यातल्या माणसाकडून लिहून घ्या. प्रत्येक ठिकाणासोबत जवळचं रेल्वे स्टेशन, एसटी कुठून सुटते आणि होड्या कधी बंद असतात, ही माहिती छापा. सुट्टीच्या दिवसांत मालवण, वेंगुर्ला आणि देवगडच्या भरती-ओहोटीच्या वेळा आपल्या जिल्हा आवृत्तीत रोज द्या, आणि त्याखाली ठळक अक्षरांत हे छापा की अनोळखी किनाऱ्यावर पाण्यात उतरण्याआधी तिथल्या मच्छीमाराला विचारावं आणि तो नको म्हणाला तर उतरू नये. किनाऱ्यावर बुडालेल्यांच्या बातम्या आपणच छापता. त्यातले कितीतरी जण बाहेरगावचे असतात आणि पाणी उथळ दिसलं म्हणून आत गेलेले असतात.

लेख लिहायला कुणी येणार असेल तर कुडाळ स्टेशनवर उतरावं. वालावल, निवती आणि वेंगुर्ला मी स्वतः दाखवीन, भाडं घेणार नाही.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक पर्यटक वाहनचालक, कुडाळ