सगळे ऐकून झालेले नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या गॉस्पेल गटांवरचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले भक्तिसंगीत गाणाऱ्या गटांवरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात डिक्सी हमिंगबर्ड्ससारख्या गटाचे नाव छापून येईल असे कधी वाटले नव्हते, त्याबद्दल मनापासून आभार. पण लेखाच्या शेवटी लेखक म्हणतात की या गटांचे ऐकण्याजोगे जे होते ते एव्हाना इंटरनेटवर आलेले आहे. हे काही पटले नाही. माझी सारी नोकरी जुन्या तबकड्यांवरचा आवाज आधी टेपवर आणि पुढे संगणकावर उतरवण्यात गेली. गॉस्पेलचा नाद लागला तो निवृत्तीनंतर. (देवाधर्माचे मला फारसे नाही. चार माणसे वाद्याविना इतकी सुरात गातात, तेवढे मला पुरते.)

टेक्सासमधल्या वेको शहरात बेलर विद्यापीठ आहे. तिथे अनेक वर्षे पत्रकारिता शिकवलेले रॉबर्ट डार्डन त्यापूर्वी ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकात गॉस्पेल विभागाचे संपादक होते. २००५ साली त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून ओरड केली की गॉस्पेलच्या ऐन भरातल्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांतल्या रेकॉर्ड नाहीशा होत चालल्या आहेत. शंभरातल्या पंचाहत्तर मिळतच नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. लेख वाचून चार्ल्स रॉइस या न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदाराने पैसा उभा करून दिला आणि विद्यापीठात जतनाचे काम सुरू झाले. लोक माळ्यावरची खोकी उतरवून पाठवू लागले. त्यात ज्यांचे नाव कुठल्याच सूचीत नव्हते असे गट निघाले. मेरीलँडमधल्या अक्वास्को या खेड्याचे ‘माइटी वंडर्स’ त्यांतलेच. आज त्यांचे गाणे वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयापर्यंत पोहोचले आहे. डार्डन यांना आणखी एक गोष्ट दिसली. छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, जिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तिथे नागरी हक्कांच्या चळवळीची गाणी बरीच सापडत गेली. म्हणून माझे सांगणे असते की रेकॉर्ड हाती आली की आधी उलटी करा.

या रेकॉर्ड गेल्या कुठे, हेही लेखात यायला हवे होते. पुष्कळशा गटांनी पदरचे पैसे घालून थोड्या प्रती काढल्या आणि चर्चमधल्या कार्यक्रमानंतर हातोहात विकल्या. दुकानात त्या गेल्याच नाहीत, मग सूचीत कशा येणार? त्याआधीच्या शेलॅकच्या तबकड्यांचे दुखणे निराळे. शेलॅक म्हणजे आपल्याकडची लाख, आणि ती मुख्यतः भारतातूनच जात असे. युद्धात पुरवठा आटला, १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तिच्या वापरावर निर्बंध घातले आणि जुन्या तबकड्या दळून नव्या करण्यासाठी गोळा होऊ लागल्या. त्या ढिगात काय काय गेले असेल, याचा विचार न केलेला बरा.

तबकडी सापडली तरी गाणे हाती लागले असे होत नाही. एक साधी गोष्ट सांगतो. शेलॅकची तबकडी स्पिरिटने पुसायची नसते, कारण स्पिरिटमध्ये शेलॅक विरघळते. नवशिका हौशी माणूस नेमके तेच करतो आणि खाचांवरची धूळ काढता काढता खाचाच घालवतो. सुई एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले तबकडीची, चालत नाही. ती बारीक असल्यामुळे खाचेच्या तळाला जाऊन घासते आणि खरखर तेवढी उचलते. मग येतो वेगाचा प्रश्न. ‘७८’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. ७६ आणि ८० या दोन वेगांत जवळजवळ अर्ध्या सुराचा फरक पडतो. साथीला पियानो असेल तर त्याच्या पट्टीवरून अदमास घेता येतो. इथे तर नुसते गळे! इंटरनेटवर गोल्डन गेट क्वार्टेटचे १९३७ चे ‘गॉस्पेल ट्रेन’ ऐका. शार्लट शहरात झालेले हे मुद्रण. चौघांनी तोंडानेच आगगाडीची शिट्टी, घंटा आणि चाकांची धडधड उभी केली आहे. खाली ऑर्लँडस विल्सनचा खर्ज आहे. वेग जरा वाढवला की तो खर्ज पातळ होतो आणि गाडी हलकी वाटू लागते. माझ्याकडे याच गाण्याच्या दोन प्रती आहेत. दोन्ही इंटरनेटवरूनच घेतलेल्या, आणि दोन्हींची पट्टी वेगळी. ‘इंटरनेटवर आलेले आहे’ म्हणताना यातली कोणती धरायची?

कायद्याचाही अडसर आहे. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या कायद्यानुसार १९३७ चे हे ध्वनिमुद्रण सर्वांना खुले होईल १ जानेवारी २०३८ रोजी. १९५० सालची मुद्रणे २०६१ मध्ये, आणि १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंतची थेट २०६७ मध्ये. म्हणजे फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ मिसिसिपीमधला आर्ची ब्राउनली ज्या काळात काळीज फाटेल असा गात होता, तो बहुतेक सगळा काळ अजून काही दशके कुलपात. बाजारात नसलेल्या जुन्या मुद्रणांच्या अव्यापारी वापराला त्या कायद्यात वाट ठेवली आहे, पण आधी शोध घ्या, मग नोटीस दाखल करा, मग थांबा. एखाद्या ग्रंथालयाला ते झेपेल, घरी बसलेल्या संग्राहकाला अवघडच.

लेखात हे संगीत जपण्याचे सारे श्रेय संग्राहकांना दिले आहे, तेही मला अपुरे वाटते. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-बेसेमर भागात खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांचे गट गात. त्यांना शिकवणारे उस्ताद असत, कोणी कोणता स्वर धरायचा हे ते नेमून देत. डग सेरॉफ हे संशोधक तबकड्यांवर थांबले नाहीत, ते या म्हाताऱ्या गायकांपर्यंत पोहोचले. १९८० मध्ये बर्मिंगहॅमला त्या गटांचे पुनर्मीलन झाले. कोण कोणाच्या हाताखाली शिकला हे रेकॉर्डच्या लेबलवर नसते, ते असे विचारूनच कळते. आणि विचारायला आता त्या पिढीतले कोण उरले आहे?

तेव्हा एक विनंती. आपल्या पुरवणीत ऐकण्यासारख्या गाण्यांची चौकट असते, त्यात गाण्याच्या नावापुढे नुसते ‘पारंपरिक’ छापू नका. गट, वर्ष, कंपनी आणि माहीत असतील तर गायकांची नावे द्या. आणि वाचकांना सांगा की खरखर पार पुसून काढलेली प्रत घेऊ नका. त्या सफाईत शब्दांतले ‘स’, ‘श’ जातात आणि गाणाऱ्याने मध्येच घेतलेला श्वासही जातो. थोडी खरखर असलेलीच घ्या.

आपला,
एक निवृत्त ध्वनितंत्रज्ञ