खुले पत्र: पुलाचे दोन अर्धे

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या शिवेवरच्या ओढ्यात नारळ फोडलात, तेव्हा अंगणवाडीची लेकरं घेऊन मी पुढंच उभी होते. शेजारच्या जिल्ह्याचे पालकमंत्रीही आले होते. अर्धा खर्च या जिल्ह्याचा, अर्धा त्या जिल्ह्याचा. पावसाळ्याआधी पूल, पलीकडं डांबर आणि बंद पडलेली मुक्कामी गाडी पुन्हा सुरू, असं तुम्ही माइकवर सांगितलंत. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझा तुमच्यावर विश्वास बसला होता, हे आधी लिहून ठेवते.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. गेल्या मंगळवारी माझे मालक त्याच ओढ्यात पडले.

त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं. आमच्या जिल्ह्याचं ठिकाण 74 किलोमीटरवर आणि शिवेपलीकडचं तालुक्याचं गाव 19 वर. म्हणून आम्ही पलीकडं जातो. ओढ्यापर्यंत टमटम, ओढा पायी, मग जीप भरेपर्यंत थांबायचं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. नळकांडी पुलाच्या नळ्या गाळानं बुजल्यात, पाणी वरून वाहत होतं. मालकांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली शीर, तो हात ओढता येत नाही. उजव्या हातात काठी. मग मी त्यांच्या सदऱ्याला धरलं होतं. पाय घसरला आणि सदरा फाटून माझ्या मुठीत राहिला.

दोघा पोरांनी त्यांना बाहेर काढलं. आम्ही पोचलो तोवर मशीनवर दुसरा पेशंट होता. नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून साहेब, माझ्या माणसानं ती रात्र व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून काढली. ओल्या धोतरात. मी त्यांचे पाय चोळत होते आणि पाय सुजत चालले होते. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या लेकरांची वजनं घेतली, पण माझ्या माणसाच्या अंगात किती पाणी साठलंय हे मला त्या रात्री मोजता येत नव्हतं.

घरी आले तर माझ्या अर्जाचं उत्तर आलेलं. ‘सदर कामाचा उर्वरित भाग लगतच्या जिल्ह्याच्या हद्दीत येत असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ हे वाक्य लिहिणाऱ्या माणसानं तो ओढा पाहिला आहे का?

वर्षभर मी दोन्हीकडच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. मला जे कळलं ते असं. पहिल्या वर्षी आपल्या जिल्ह्यानं आराखड्यात पैसे ठेवले. पलीकडच्यांनी ठेवले नाहीत. मार्चअखेर आला, पैसे परत गेले. दुसऱ्या वर्षी पलीकडच्यांनी ठेवले, तोवर आपले दुसऱ्या कामाला वळवले होते. पुन्हा मार्चअखेर. दोन्ही अर्धे एका वर्षात कधी समोरासमोर आलेच नाहीत. आणि अर्ध्या पुलाचं टेंडर निघत नाही, गुत्तेदार अर्धा ओढा बांधत नाही.

राज्यघटनेच्या कलम 243 झेडडीनं जिल्हा नियोजन समिती दिली. जिल्ह्यातल्या पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक गरजांचा विचार करून तिनं आराखडा करायचा असतो. चांगलं आहे. पण तो आराखडा जिल्ह्याच्या शिवेवर संपतो, आणि आमचं गाव नेमकं तिथं सुरू होतं. आठही जिल्ह्यांचा एकत्र विचार करायला मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ होतं, 1994 पासून. त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. पुनर्गठनाचा निर्णय सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळानंच घेतला होता. त्याचं पुढं काय झालं, हे आम्ही कुणाला विचारायचं?

पैसे वाटून घेऊन काम होतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांनी 2007 मध्ये आपापल्या बस एकत्र करून पीएमपीएमएल ही एकच बस कंपनी केली. तोट्यातला 60 टक्के वाटा पुण्याचा, 40 टक्के पिंपरी-चिंचवडचा, असं ठरलेलं आहे. वाटा लिहिलेला आहे म्हणून बस पुण्याची हद्द ओलांडते. आमच्या दोन जिल्ह्यांना एका गाडीचा तोटा असा वाटून घेता येत नाही?

आणि मराठवाड्यात वाटा लिहिला तरी काय होतं, तेही आम्ही पाहिलं. नगर-बीड-परळी रेल्वे, 261 किलोमीटर. 1995 च्या सुमारास मंजूर झाली, तेव्हा खर्च साडेतीनशे कोटींच्या आसपास. पुढं ठरलं, निम्मा राज्यानं द्यायचा, निम्मा रेल्वेनं. एकाचा हप्ता येईपर्यंत दुसऱ्याचं काम थांबायचं, तोवर सिमेंट-लोखंड महागायचं. पेपरात आता 4,800 कोटी छापून येतात. बीडला गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. तीस वर्षं. मंजुरीच्या वर्षी जन्मलेल्या पोरी लेकुरवाळ्या झाल्या. परळी अजून पुढंच आहे. तरीही बीडच्या माणसांना त्या दिवशी रडू आलं, मलाही आलं, कारण गाडी खरोखर आली होती.

सप्टेंबर 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळ बसलं, 45 हजार कोटींहून मोठ्या पॅकेजची घोषणा झाली. मी टीव्हीसमोर बसून प्रत्येक नाव ऐकलं. एवढ्या रकमेत शिवेवरच्या ओढ्याला जागा नसते, कारण तो एकाच्याही मतदारसंघात पूर्ण बसत नाही. आमच्याकडं विचारायला निवडलेला माणूसही वर्षानुवर्षं नव्हता. जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, मग प्रशासक आले. प्रशासकाला आमच्या दारात मत मागायला यायचं नसतं. मुक्तिसंग्रामाच्या झेंड्याला तुम्ही दरवर्षी येता, भाषणात मराठवाडा एक असतो. निधी वाटताना आम्ही आठ तुकडे होतो, आणि तुकड्यांच्या फटीत जी गावं आहेत ती कुणाचीच नाहीत.

मला तुमच्याकडून सांत्वन नको. दोन्ही जिल्हाधिकारी आणि दोन्ही जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी एका टेबलाशी बसवा. कुणाचा वाटा किती हे लिहून घ्या, दोघांच्या सह्या घ्या, आणि दोन्ही वाटे एकाच वर्षी, एकाच यंत्रणेकडं जमा करा. पूल होईपर्यंत निदान मंगळवारी आणि शुक्रवारी ओढ्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक गाडी वेळेवर उभी करा. नळ्यांमधला गाळ तर आठवडाभरात निघेल, त्याला एकच जेसीबी लागतो. आणि बैठकीची तारीख मला लेखी कळवा. माइकवर सांगितलेली मी आता धरणार नाही.

आपली,
शिवेवरच्या गावातली एक अंगणवाडी सेविका

प्रत: मा. पालकमंत्री, ओढ्यापलीकडचा जिल्हा