मुजेल्लोची शर्यत आणि दोन शहरे : काका-काकूंना अनावृत आभारपत्र

तीर्थस्वरूप काका व काकू यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इटलीहून परतल्यावर दूरध्वनीवर तुमचे आभार मानून झाले, पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. तुम्ही दोघांनी बाबांसाठी जे केलेत ते नीट लिहून ठेवावे, आणि मोटारसायकलींची जागतिक शर्यत पाहायला तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या इतरांनाही ते वाचता यावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. बाबांचे उभे आयुष्य मोटारसायकली दुरुस्त करण्यात गेले आणि ही शर्यत जिथे होते त्या मुजेल्लो सर्किटचे नाव आमच्या घरात तेव्हापासूनच आहे. बोलोन्यात स्थायिक झालेल्या त्यांच्या या शाळूसोबत्याकडे मी फक्त तिकिटांची चौकशी केली होती. तुम्ही मात्र एक अट घातलीत : शर्यत पाहायची असेल, तर ती ज्या डोंगरांत रुजली ते डोंगर आणि ज्या शहरांनी ती वाढवली ती शहरे पाहिल्यावाचून परतायचे नाही. त्या अटीबद्दल मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

सर्किट फ्लॉरेन्सच्या ईशान्येस सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि बहुतेक प्रेक्षक तिथून सरळ तिकडे जातात. तुम्ही आम्हाला बोलोन्याहून आपेनीन पर्वत ओलांडणाऱ्या फुता घाटाच्या जुन्या रस्त्याने नेलेत आणि एका वळणावर गाडी थांबवून सांगितलेत, की आजचे सर्किट १९७४ साली सुरू होण्यापूर्वी मोटारींच्या शर्यती याच घाटांतून, वस्ती असलेल्या गावांमधून, सुमारे ६६ किलोमीटरच्या फेरीवर होत असत, आणि १९७० पर्यंत त्या चालल्या. बाबा खाली उतरले, रस्त्याच्या कडेने थोडे पुढे गेले, वळण किती आवळत जाते ते पाहून परत आले आणि म्हणाले, ‘‘इथे ब्रेक चुकला तर सावरायला जागाच नाही.’’ दुसऱ्या दिवशी सर्किटवरचे खडीचे रुंद पट्टे पाहताना ते कशासाठी आहेत हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

काकू, स्कारपेरियात थांबण्याचा आग्रह तुमचा होता. सर्किटला अगदी लागून असलेले हे गाव फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने १३०६ साली वसवले. तिथल्या व्हिकारी प्रासादाच्या दर्शनी भिंतीवर फ्लॉरेन्सहून नेमून आलेल्या अधिकाऱ्यांची कुलचिन्हे दाटीने बसवलेली आहेत. गावाची ख्याती मात्र चाकूंची. तुम्ही ज्या कारागिराच्या दुकानात नेलेत, त्याने शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू कानाजवळ धरून उघडला आणि मिटला, मग पाते बाहेर काढून मागच्या पट्टीवर कानस एकदाच फिरवली आणि पुन्हा आवाज ऐकला. बाबांना इटालियनचे अक्षरही येत नाही, पण दोघे बराच वेळ त्या एका आवाजाविषयी खुणांनी बोलत होते. बाबा टॅपेट सेट करताना, म्हणजे इंजिनाच्या झडपांमधली फट जुळवताना, इंजिनाचा आवाज जसा ऐकतात, तसाच तो माणूस ऐकत होता. शर्यतीला आलेल्या गर्दीतले फार थोडे लोक या गावात पाऊल टाकतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आता बसण्याच्या जागेविषयी, कारण तुमच्या मार्गदर्शनातला हा भाग इतरांना सर्वाधिक उपयोगी पडेल. मुख्य सरळ पट्ट्यासमोरचे महाग आसन न घेता टेकडीच्या गवताळ उतारावरचे तिकीट घ्यायला तुम्ही सांगितलेत. हे सर्किट दरीत वसलेले असल्यामुळे भोवतालच्या टेकड्याच प्रेक्षागार बनल्या आहेत. फेरी ५.२४५ किलोमीटरची, वळणे १५, आणि तिच्यातली चढउतारांची गंमत दूरचित्रवाणीवर अजिबात कळत नाही. काझानोव्हा आणि साव्हेली या जोडवळणांवर मोटारसायकली उजवीकडे कलून खाली झेपावतात, लगेच डावीकडे पलटतात आणि मग आर्राबियाताच्या दोन वेगवान उजव्या वळणांनी चढावर निघून जातात. साठ अंशांहून अधिक कललेल्या गाडीवर स्वाराचे कोपर जमिनीला टेकते, हे बाबांनी चित्रांत पाहिलेले होते. पण त्याच क्षणी मागचे चाक किंचित बाहेर सरकते आणि स्वार ते केवळ मनगटाने सावरतो, हे त्या उतारावर बसल्यामुळे दिसले. साधारण पावणेदोन मिनिटांनी तीच गाडी पुन्हा समोर येई आणि बाबा प्रत्येक वेळी नव्याने पुढे झुकत.

सरळ पट्टा ११४१ मीटरचा आहे आणि तो चुकू नये म्हणून शुक्रवारच्या सरावाच्या वेळी तुम्ही आम्हाला त्याच्या शेवटच्या सान दोनातो या वळणाच्या बाजूला नेलेत. २०२३ मध्ये ब्रॅड बाइंडर या स्वाराने ताशी ३६६.१ किलोमीटर वेग गाठला तो याच पट्ट्यावर. त्याच्या शेवटी एक उंचवटा आहे. तिथे गाडीचे पुढचे चाक हलके होते आणि नेमका त्याच्यानंतर ब्रेक दाबावा लागतो. ताशी साडेतीनशेच्या आसपासचा वेग सुमारे तीनशे मीटरांत शंभरपर्यंत उतरतो. कानांत बोळे घालूनही तो आवाज छातीत जाणवतो. तुम्ही ते बोळे आठवणीने आणले होते, आणि लहान मुले घेऊन येणाऱ्यांनी ते विसरूच नयेत.

आर्राबियाताकडे पाहत असताना तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत, तीही इथे यायला हवी. मे २०२१ मध्ये त्याच भागात अपघात होऊन जेसन ड्युपास्किये हा अवघ्या १९ वर्षांचा स्विस स्वार दगावला. शर्यतीचे कौतुक करताना तुम्ही तिची किंमत लपवली नाहीत, म्हणून कडेला झेंडे घेऊन उन्हात उभ्या असलेल्या मार्शलकडे आम्ही वेगळ्या आदराने पाहिले.

रविवारी टेकड्यांवर व्हालेंतिनो रोस्सीच्या चाहत्यांचा पिवळा रंगही ठिकठिकाणी होता. या स्वाराने २००२ ते २००८ अशी सलग सात वर्षे मुख्य गटाची शर्यत इथे जिंकली आणि त्याचा ४६ हा क्रमांक २०२२ मध्ये याच सर्किटवर कायमचा राखून ठेवण्यात आला. त्याचे चाहते अजून येतात. शर्यत संपल्यावर लोक ट्रॅकवर उतरू लागले तेव्हा तुम्ही बाबांचा हात धरून त्यांना खाली नेलेत. टायरमधून सुटलेल्या रबराच्या काळ्या गोळ्या त्यांनी बोटांत दाबून पाहिल्या. त्या अजून मऊ होत्या. नंतर तो चढ ते स्वतः पायी चढले आणि वर जाऊन दम घेत म्हणाले, की एवढा चढ असेल असे आपल्याला कधीच वाटले नव्हते.

सोमवारी फ्लॉरेन्समधली उफित्सी आणि आकाडेमिया ही दोन मोठी कलादालने बंद असतात. शर्यतीला जोडून शहर पाहणाऱ्यांची इथे हमखास पंचाईत होते, आणि म्हणूनच तुम्ही त्या दिवसासाठी तिथल्या कॅथेड्रलचा घुमट आणि गॅलिलिओ संग्रहालय राखून ठेवले होते. घुमटावर चढण्याची वेळ आधीच आरक्षित करावी लागते, तेही तुम्ही केले होते. शहराच्या मध्यभागात परवान्याविना गाडी नेल्यास कॅमेरे क्रमांक टिपतात आणि दंड होतो, म्हणून महामार्गालगतच्या व्हिला कोस्तान्झा वाहनतळावर गाडी ठेवून ट्रामने जाण्याची तुमची सूचनाही मी इथे मुद्दाम नोंदवते.

वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीचा हा घुमट १४२० ते १४३६ या काळात, खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता बांधला गेला. त्याच्या दोन कवचांमधून ४६३ पायऱ्या चढताना विटांची तिरपी वीण हाताच्या अंतरावर दिसते. बाबांना गुडघ्यांमुळे चढता आले नाही. काकू त्यांच्यासोबत खाली थांबल्या आणि शेजारचा जिओत्तोचा मनोरा दाखवत म्हणाल्या, की हा चित्रकार परंपरेनुसार मुजेल्लोच्याच वेस्पिन्यानो गावचा, म्हणजे आपण काल होतो तिथला. गॅलिलिओ संग्रहालयात उतरत्या फळीचे एक प्रारूप आहे. तिच्यावर घंटा वाढत्या अंतरांनी टांगलेल्या आहेत, तरी गोळा सोडला की त्या समान कालावधीने वाजतात, कारण गोळ्याचा वेग सतत वाढत असतो. सान दोनातोचा उतार पाहून आलेल्या बाबांना ही मांडणी पाहताक्षणी उमगली.

बोलोन्यात तुम्ही बाबांना दुकातीच्या संग्रहालयात नेलेत. १९२६ साली रेडिओचे सुटे भाग बनवण्यासाठी निघालेल्या या कंपनीने युद्धानंतर सायकलला बसवायचे छोटे कुच्चोलो इंजिन काढले आणि मोटारसायकलींच्या धंद्यात पाय ठेवला. इतर इंजिनांत व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, मिटतो तो स्प्रिंगच्या जोरावर. अभियंता फाबिओ ताल्योनी यांनी इथे रुजवलेल्या डेस्मो रचनेत उघडणारी आणि मिटवणारी अशा दोन स्वतंत्र तरफा (रॉकर) असतात, त्यामुळे इंजिन कितीही वेगात फिरले तरी व्हॉल्व्ह मागे राहत नाही. हे बाबांना ठाऊक होते. तरीही कापून उघडे दाखवलेल्या इंजिनासमोर तुम्ही त्यांना हवा तेवढा वेळ उभे राहू दिलेत, एकदाही घड्याळाकडे पाहिले नाहीत. त्यांची बोटे फट मोजण्याची पातळ पट्टी, फीलर गेज, धरल्यासारखी हवेत हलत होती. स्वतः त्या विषयातले नसूनही तुम्ही त्यांना प्रश्न विचारत राहिलात, आणि कित्येक वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडून त्यांच्या कामाविषयी शिकत होते.

बोलोन्यातल्या सान लुकाच्या टेकडीवर नेणारी ६६६ कमानींची सावली, २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरलेले तिथले कमानीदार पदपथ, शाकाहारी बाबांसाठी बटाट्याचे सारण भरलेला तोर्तेल्ली हा पास्ता मांसाच्या रश्श्याऐवजी लोणी आणि सेजच्या पानांसह मागवण्याची काकूंची युक्ती, या सर्वांविषयीही लिहिता येईल. पण बाबा आता इतरांनाही हा मार्ग सांगू लागले आहेत. त्यांच्या गॅरेजमध्ये शिकून पुढे गेलेला एक मुलगा पुढच्या हंगामात मुजेल्लोला जाणार आहे. तुम्ही आखून दिलेला आराखडा मी त्याला दिला असून, फुता घाटावरचे ते वळण नेमके कोणते हे विचारण्यासाठी तो तुम्हाला पत्र लिहील. कृपया त्याला उत्तर द्यावे.

तुमच्या मित्राची कन्या