पितृपक्षाआधी घरच्या तिथी तपासून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार.

भाद्रपद पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष सुरू होतो, तो सर्वपित्री अमावस्येपर्यंत. गुरुजी ऐनवेळी मिळत नाहीत, म्हणून आत्ताच बोलून ठेवा.

त्याआधी एक काम मात्र नक्की करा. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. आणि आईकडच्या तीन पिढ्या, यांची नावे, गोत्र व निधनाची तिथी एका कागदावर लिहा. माझ्या वडिलांनी ही यादी जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवली होती. पणजीचे नाव आज फक्त तिथेच उरले आहे. घरात वडीलधारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या.

महालय, म्हणजे पितृपक्षातले श्राद्ध, निधनतिथीला करतात. नवरा हयात असताना गेलेल्या स्त्रियांसाठी अविधवा नवमी, अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी. तिथी ठाऊकच नसेल तर सर्वपित्री अमावस्या आहेच, त्यासाठी मन खट्टू करू नका.

सगळा विधी जमत नसेल त्यांनी निदान तर्पण करावे. काळे तीळ, दर्भ आणि पाणी एवढे पुरते. दक्षिणेकडे तोंड करावे, पाणी अंगठा व तर्जनीच्या मधून सोडावे. तळहाताला दोन-चार तीळ चिकटून राहतात, तेवढ्यात पुढचे नाव घ्यायचे. नावे घाईने उरकू नका. मुलांनाही शेजारी बसवा, त्यांच्या कानावर ती पडू द्या.