‘ऑनर्स’चे चौथे वर्ष : आधी हे तपासा

महोदय,

तिसऱ्या वर्षाचे निकाल लागले की पुण्यातल्या महाविद्यालयांत ‘ऑनर्स’ आणि ‘संशोधनासह ऑनर्स’ या चार वर्षांच्या दोन पदव्यांची सर्रास गल्लत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या आराखड्यानुसार दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) संशोधन प्रकल्प असतो. साध्या ऑनर्सला त्याऐवजी तेवढ्याच श्रेयांकांचे विषय. हे तिसऱ्या वर्षी कळून काय उपयोग? पहिल्या दोन सत्रांत घसरलेली सरासरी नंतर वर काढणे फार जड जाते.

प्रकल्प बहुधा रखडतो तो विषय अवाढव्य निवडल्यामुळे. ‘पुण्यातील नदीप्रदूषण’ हा प्रकल्प नव्हे. मुठेच्या दोन ठरावीक ठिकाणी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणे, हा प्रकल्प. नमुने सातव्या सत्रातच घ्यावेत. आठवे लेखनातच जाते.

विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात, शिवाय शिक्षकाचे शिफारसपत्र हवे. मुले मार्चमध्ये चौकशीला येतात, तेव्हा गाडी सुटलेली असते. आयुका, एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था शहरातच असूनही हे घडते, याचे नवल वाटते.

चौथे वर्ष पूर्ण केल्यास पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते आणि ७५ टक्के असल्यास थेट पीएचडीच्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते. मात्र चौथ्या वर्षासाठी त्याच महाविद्यालयात थांबण्याआधी विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती, हे विचारावे. महाविद्यालयांनीही तो आकडा माहितीपत्रकातच छापावा.

– एक प्राध्यापक, पुणे